निवडणूक खर्चाचा हिशेब : उमेदवाराला तीस दिवस, पक्षाला नव्वद

लोकसभा किंवा विधानसभा निवडणुकीचा निकाल लागला की विजयी असो वा पराभूत, प्रत्येक उमेदवारासाठी तीस दिवसांची एक मुदत सुरू होते. या अवधीत त्याने आपल्या निवडणूक खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे सादर करावयाचा असतो. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ मधील कलम ७७ आणि ७८ मध्ये ही तरतूद आहे. राजकीय पक्षांच्या मुदती मात्र निराळ्या आहेत आणि बऱ्याच लांब आहेत. या दोन वेळापत्रकांमध्ये जे अंतर आहे, त्यातच भारतातील निवडणूक खर्चाच्या पारदर्शकतेचे खरे दुखणे आहे.

उमेदवाराच्या हिशेबाचा काळ नामनिर्देशनाच्या दिवसापासून निकालाच्या दिवसापर्यंत, दोन्ही दिवस धरून, मोजला जातो. अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी त्याने निवडणुकीसाठी स्वतंत्र बँक खाते उघडावे, असे निवडणूक आयोगाचे निर्देश आहेत. त्याला दिल्या जाणाऱ्या नोंदवहीतील पांढरी पाने रोजच्या खर्चासाठी, गुलाबी पाने रोखीसाठी आणि पिवळी पाने बँकेतील व्यवहारांसाठी असतात. प्रचाराच्या काळात खर्च निरीक्षक ही वही किमान तीन वेळा तपासतात. मंडप, वाहने, ध्वनिक्षेपक, खुर्च्या आणि चहा-नाश्ता यांची प्रशासनाने केलेली नोंद ‘छाया निरीक्षण नोंदवही’त असते, आणि उमेदवाराचे आकडे तिच्याशी ताडून पाहिले जातात. तफावत राहिलीच तर निकालानंतरच्या सव्विसाव्या दिवशी ताळमेळ बैठक होते. त्यानंतर अंतिम हिशेबासाठी उमेदवाराच्या हाती चारच दिवस उरतात.

सादर झालेला हिशेब कोणाही नागरिकाला पाहता येतो. निवडणूक संचालन नियम, १९६१ मध्ये त्यासाठी एक रुपया शुल्क ठरवलेले आहे आणि ठरावीक रक्कम भरून साक्षांकित प्रतही मिळते. हा हक्क वापरणारे मतदार फार थोडे.

हिशेब मुदतीत किंवा विहित रीतीने दिला नाही आणि त्यासाठी पुरेसे कारणही नसेल, तर कलम १० क नुसार आयोग त्या व्यक्तीला तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. त्याआधी कारणे दाखवा नोटीस दिली जाते आणि खुलाशासाठी वीस दिवस मिळतात. या कलमाखाली अपात्र ठरणाऱ्यांत पराभूत अपक्षांचा भरणा मोठा असतो. अनामत गमावल्यावर हिशेबाची कटकट कशाला, अशी त्यांची समजूत असते. परंतु एक रुपयाही खर्च केलेला नसला तरी तसा हिशेब द्यावाच लागतो. महाराष्ट्रातील ग्रामपंचायत कायद्यात तर याच कसुरीसाठी पाच वर्षांच्या अपात्रतेची तरतूद आहे.

हिशेब वेळेत आला, पण तो खरा आहे काय, हा त्यापुढचा प्रश्न. त्याचे महत्त्वाचे उत्तर महाराष्ट्रातील एका प्रकरणातून मिळाले. ऑक्टोबर २००९ च्या विधानसभा निवडणुकीत भोकर मतदारसंघातून अशोक चव्हाण निवडून आले. वृत्तपत्रांतील मजकुराचा खर्च त्यांच्या हिशेबात दाखवलेला नाही, अशी तक्रार प्रतिस्पर्धी उमेदवार माधवराव किन्हाळकर यांनी केली. हिशेबाच्या खरेपणाची चौकशी करण्याचा अधिकार आयोगाला आहे की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. तो अधिकार आयोगाला आहे, असा निर्वाळा न्यायालयाने ५ मे २०१४ रोजी दिला. त्यानंतर जुलैमध्ये आयोगाने चव्हाण यांना कारणे दाखवा नोटीस बजावली. दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबरमध्ये आयोगाचा आदेश रद्द केला. कायद्याचा मुद्दा स्पष्ट झाला खरा, पण तोवर ज्या विधानसभेसाठी ती निवडणूक झाली होती, तिचीच मुदत संपत आली होती. उत्तर प्रदेशातील बिसौलीच्या आमदार उमलेश यादव यांना अशाच स्वरूपाच्या खर्चाबद्दल आयोगाने तीन वर्षांसाठी अपात्र ठरवले. निवडणूक २००७ ची होती आणि आदेश ऑक्टोबर २०११ चा.

आता पक्षांच्या वेळापत्रकाकडे वळू. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये ‘कॉमन कॉज’ प्रकरणात दिलेल्या निकालानंतर आयोगाने पक्षांकडून खर्चाची विवरणपत्रे मागण्यास सुरुवात केली. विधानसभा निवडणूक पूर्ण झाल्यानंतर ७५ दिवसांत आणि लोकसभा निवडणुकीनंतर ९० दिवसांत ती द्यावयाची असतात. खर्चाची कमाल मर्यादा उमेदवाराला आहे. पक्षाला कोणतीही नाही. जानेवारी २०२२ मध्ये लागू झालेल्या मर्यादांनुसार मोठ्या राज्यांत लोकसभेसाठी ९५ लाख आणि विधानसभेसाठी ४० लाख रुपये, तर गोव्यासारख्या लहान राज्यांत अनुक्रमे ७५ लाख आणि २८ लाख रुपये उमेदवाराला खर्च करता येतात. पक्षाने आपला कार्यक्रम सर्वसाधारणपणे मांडण्यासाठी केलेला खर्च आणि स्टार प्रचारकांचा प्रवासखर्च त्यात धरला जात नाही. पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्चही उमेदवाराच्याच खाती पडेल, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये कंवरलाल गुप्ता प्रकरणात म्हटले होते. त्याच वर्षी कायदा दुरुस्त करून तो निकाल निष्प्रभ करण्यात आला. सध्याची सवलत २००३ च्या दुरुस्तीतून आली आहे.

या तारखा कॅलेंडरवर मांडल्या की अडचण कळते. महाराष्ट्र विधानसभेचा निकाल २३ नोव्हेंबर २०२४ रोजी लागला. उमेदवारांच्या हिशेबाची मुदत २३ डिसेंबरला संपली. खर्चाची मर्यादा ओलांडणे हे कलम १२३ नुसार भ्रष्ट आचरण आहे आणि त्याविरुद्ध कोणीही मतदार वा उमेदवार उच्च न्यायालयात निवडणूक याचिका करू शकतो. मात्र निकालापासून ४५ दिवसांच्या आतच. ही मुदत ७ जानेवारी २०२५ रोजी संपली आणि तिला विलंबमाफी नाही. म्हणजे हिशेब पाहून, वकील गाठून, पुरावे जमवून याचिका करायला मतदाराला पंधरा दिवस मिळाले. पक्षांची विवरणपत्रे देय होती ती फेब्रुवारीत. पक्षाचा पैसा उमेदवारासाठी वापरला गेला की नाही, हे ज्या कागदावरून पडताळता आले असते, तो कागद न्यायालयाचे दार बंद झाल्यावर येतो.

देणग्यांची माहिती याहूनही उशिरा येते. कलम २९ ग नुसार वर्षभरात २० हजार रुपयांहून अधिक देणगी देणाऱ्यांचा अहवाल पक्षाने आयोगाला द्यावयाचा असतो, आणि त्याची मुदत आयकर विवरणपत्राच्या मुदतीशी, म्हणजे सर्वसाधारणपणे ३१ ऑक्टोबरशी, बांधलेली आहे. आयकराची मुदत वाढली की ही तारीखही पुढे सरकते. एप्रिल २०२४ मध्ये, लोकसभेच्या मतदानाच्या ऐन धामधुमीत, मिळालेली देणगी २०२४-२५ या आर्थिक वर्षात मोडते. ती जाहीर करण्याची मुदत त्यानंतर जवळपास दीड वर्षाने येते. अहवाल वेळेत दिला नाही तर पक्षाची आयकर सवलत जाते, पण त्याचे पदाधिकारी वा आमदार अपात्र ठरत नाहीत. सप्टेंबर २०२५ मध्ये आयोगाने ३५९ नोंदणीकृत अमान्यताप्राप्त पक्षांविरुद्ध कारवाई सुरू केली. त्यांनी सलग तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब दिले नव्हते आणि निवडणूक लढवूनही खर्चाची विवरणपत्रे दिली नव्हती.

अमेरिकेत उलट क्रम आहे. तेथील संघीय निवडणुकीत देणग्या गोळा करणाऱ्या राजकीय समित्यांना मतदानापूर्वी बारा दिवस आधी अहवाल द्यावा लागतो, आणि अखेरच्या टप्प्यात उमेदवाराच्या समितीला मिळालेली एक हजार डॉलर किंवा त्याहून मोठी देणगी ४८ तासांत कळवावी लागते. तेथील व्यवस्थेतही पळवाटा भरपूर आहेत, तरी मतदानाच्या आधी मतदाराच्या हाती काही तरी पडते.

भारतात असे घडले ते निवडणूक रोख्यांच्या प्रकरणात, आणि तेही न्यायालयामुळे. सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी रोखे योजना घटनाबाह्य ठरवली आणि भारतीय स्टेट बँकेला ६ मार्चपर्यंत तपशील आयोगाकडे देण्यास सांगितले. बँकेने ३० जूनपर्यंत मुदत मागितली. ती मिळाली असती तर लोकसभेचा निकाल लागून गेल्यावर माहिती आली असती. न्यायालयाने ११ मार्चला मागणी फेटाळून दुसऱ्याच दिवसाची मुदत घातली. आयोगाने १४ मार्चला याद्या प्रसिद्ध केल्या आणि २१ मार्चला रोख्यांचे क्रमांकही आले, ज्यांवरून कोणाचा रोखा कोणत्या पक्षाकडे गेला ते जुळवता आले. पहिल्या टप्प्याचे मतदान १९ एप्रिलला होते.