एलात येथील शिकारी पक्ष्यांचे वसंत स्थलांतर
एलात हे इस्रायलच्या दक्षिण टोकाला, तांबड्या समुद्राकाठी वसलेले शहर शिकारी पक्ष्यांच्या वसंत स्थलांतरासाठी प्रसिद्ध आहे. गरुडांसारखे मोठे पक्षी तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेच्या आधारे तरंगत जातात. समुद्रावर असा आधार क्षीण असल्याने आफ्रिकेतून परतणारे थवे या भूमार्गावर एकवटतात. स्टेप गरुड फेब्रुवारी-मार्चमध्ये, तर युरोपीय मोहोळघारी मुख्यतः मेच्या आरंभी दिसतात. त्यांच्या थव्यांत थोड्या संख्येने, भारतात परिचित असलेली आशियाई मोहोळघारही आढळते. उडताना तिच्या पंखाच्या टोकाशी बोटांसारखी ६ पिसे दिसतात. युरोपीय जातीत ५ असतात. दोन्ही जातींच्या रंगांत पुष्कळ विविधता असल्याने केवळ रंगावरून केलेली ओळख फसवी ठरू शकते. म्हणून अशा नोंदीसाठी स्पष्ट छायाचित्र महत्त्वाचे असते.