‘तमस’ची कुळकथा

राजकीय नाट्य म्हटले की मंत्रिमंडळे, पक्षांतरे आणि सत्तेसाठी चाललेली खलबते हीच प्रथम डोळ्यांपुढे येतात; परंतु आपल्या दूरदर्शनवर दिसलेल्या राजकीय मालिकांत जिला मी निःसंशय अग्रपूजेचा मान देतो, त्या गोविंद निहलानी यांच्या ‘तमस’चा आरंभ एका कोंदट कोठडीत होतो. तेथे नथू नावाचा कातडी कमावणारा एक गरीब माणूस रात्रभर एका डुकराशी झुंजत असतो. जनावरांच्या डॉक्टरसाहेबांना ते हवे आहे, एवढेच मुराद अलीने त्याला सांगितलेले असते. सकाळी ते कलेवर मशिदीच्या पायरीवर सापडते आणि फाळणीपूर्व पंजाबातले ते शहर पेटू लागते.

या कथेचे मूळ रावळपिंडीत असले, तरी तिला अंकुर फुटला तो महाराष्ट्रात. ज्यांच्या कादंबरीवर ही मालिका बेतली, ते भीष्म साहनी रावळपिंडीचे. १९४७ च्या तेथील दंगलीनंतर काँग्रेसच्या मदतकार्यात त्यांनी तो विध्वंस जवळून पाहिला होता. पुढे १९७० साली भिवंडीत दंगल उसळली, तेव्हा बंधू बलराज यांच्यासमवेत ते तेथे गेले, आणि त्या उजाड गल्ल्यांतून हिंडताना इतकी वर्षे मनाच्या तळाशी पडून राहिलेली रावळपिंडी जागी झाली. त्यातून सिद्ध झालेल्या कादंबरीस १९७५ चे साहित्य अकादमी पारितोषिक लाभले.

दंगा आपोआप होत नाही, तो घडवून आणला जातो, आणि घडवणाऱ्याचे नाव कोणत्याही दप्तरात नोंदले जात नाही, हे ज्या निष्ठेने साहनींनी दाखविले, त्यातच या कृतीचे राजकीय मोठेपण आहे. नागरिकांचे शिष्टमंडळ संचारबंदीची विनवणी करीत असता डेप्युटी कमिशनर रिचर्ड बंदोबस्ताचा हुकूम टाळतो. कादंबरीच्या अखेरीस शांततेच्या घोषणा देत मोटारीत बसलेला असतो तो मुराद अलीच. पण याच कथेत वृद्ध हरनामसिंग एका मुसलमान स्त्रीच्या घरी आश्रयास असताना त्या घरात लुटीची पेटी आणली जाते, तिचे कुलूप फोडले जाऊ लागते, आणि पेटी आपलीच आहे हे ओळखून तो म्हातारा म्हणतो की फोडू नका, किल्ली माझ्यापाशी आहे. ही भूमिका मालिकेत खुद्द साहनींनी केली. एवढी माणुसकी आणि एवढी नामुष्की एकाच कुलपाभोवती उभी करणारा प्रसंग मला इतरत्र आढळलेला नाही.

जानेवारी १९८८ मध्ये प्रक्षेपण सुरू असतानाच मुंबई उच्च न्यायालयाकडून मनाई हुकूम मिळविण्यात आला. तेव्हा न्यायमूर्ती लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी संपूर्ण मालिका स्वतः पाहिली आणि ती मनाई उठविली. निरक्षर प्रेक्षकालाही सारासारविचार असतो, असा विश्वास त्यांनी आपल्या निकालात व्यक्त केला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. तेथे जी कसोटी प्रमाण मानली गेली ती न्यायमूर्ती विवियन बोस यांनी पूर्वी नागपूरच्या उच्च न्यायालयात घालून दिली होती: शब्दांचा परिणाम जोखावयाचा तो समंजस, खंबीर आणि धैर्यशील माणसाच्या मापाने, डळमळीत मनाच्या मापाने नव्हे. या कसोटीवर ‘तमस’ उतरली आणि फेब्रुवारी १९८८ मध्ये तिच्याविरुद्धचा अर्ज फेटाळण्यात आला.