गडावरून उतरलेले शब्द

साल्हेर हा स्वराज्याच्या उत्तर सरहद्दीवरचा गड. बागलाणात, गुजरातच्या डांगाला लागून, १५६७ मीटर उंचीवर. १६७२ साली मोगलांचा वेढा मराठ्यांनी याच्याच पायथ्याशी उघड्या मैदानात मोडून काढला. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, गड इंग्रजांकडे गेले आणि शिबंदीची गरजच उरली नाही. आज साल्हेरवर पाण्याची टाकी, गुहा आणि माथ्यावर परशुरामाचं मंदिर आहे. गडकरी पांगले, त्यांचे हुद्दे मात्र आपल्या बोलण्यात मुक्कामाला आले.

एकट्याच्या फितुरीने गड जाऊ नये म्हणून शिवाजी महाराजांनी गडावर हवालदार, सबनीस आणि सरनौबत असे तिघे बरोबरीचे अधिकारी नेमले. किल्ल्या हवालदाराकडे; संध्याकाळी दरवाजा लावायचा आणि सकाळी उघडायचा तो त्यानेच. हा शब्द अरबी ‘हवाला’ला फारसी ‘दार’ जोडून झाला. ज्याच्या हवाली गड, तो हवालदार. पैशांचा ‘हवाला’ही याच घराण्यातला, फक्त तो वाईट संगतीला लागला.

सरनौबताची गोष्ट आणखी मजेची. ‘नौबत’ म्हणजे मुळात पाळी. पाळीपाळीने बदलणारा पहारा म्हणजे नौबत, ठरल्या वेळी वाजणारा नगाराही नौबतच. पुढे पाळी येणं आणि वेळ येणं एकच झालं, म्हणून घर विकायची वेळ आली की आपण ‘काय ही नौबत!’ म्हणतो. पहाऱ्याचा प्रमुख तो सरनौबत.

सबनीस हजेरी नि हिशेब पाहायचा, कारखानीस धान्य नि दारूगोळा. तेव्हाचा ‘कारखाना’ म्हणजे कोठार किंवा खातं. त्यात धुराडं नव्हतं. उतारावरच्या चौकीला ‘मेट’ म्हणत. त्र्यंबकेश्वरजवळच्या मेटघर किल्ला या गावाने तो शब्द आजही नावात सांभाळला आहे.

दरबारी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द द्यायला महाराजांनी राजव्यवहारकोश करवून घेतला. मंत्र्यांची पदनामंही संस्कृत झाली, पण गडावरचा हवालदार हवालदारच राहिला आणि पुढे पोलीस ठाण्यात जाऊन बसला. कोशापेक्षा पहारेकऱ्यांची जीभ वरचढ ठरली.

तुमचं आडनाव सबनीस, कारखानीस, हवालदार किंवा मेटकरी असेल, तर घरातल्या थोरांना एकदा विचारून बघा: आपला हुद्दा कुठल्या गडावरचा?