थर्मोस्टॅटची गोष्ट

परवा रविवारी लेकाने गाडीचा थर्मोस्टॅट घरीच बदलला. इथे मिनेसोटात बाहेर उणे १८ आणि गाडीतला हीटर आठवडाभर रुसलेला. हवा यायची ती कोमट, हमरस्त्याला लागलं की तीही गार. मागे बसून नातीचे हात मी चोळत होते.

"आई, इंजिनच तापत नाहीये. थर्मोस्टॅट उघडा अडकलाय," लेक म्हणाला.

हीटरला वेगळी शेगडी नसते, हे मला या वयात कळलं. इंजिनात तापलेलं पाणीच डॅशबोर्डमागे फिरवतात आणि त्यावरून पंखा हवा सोडतो. थर्मोस्टॅट म्हणजे मोठ्या रेडिएटरच्या वाटेवरचं दार. इंजिन गार असेतो ते बंद हवं.

मी सहज म्हटलं, "मग काढूनच टाक की! बाबांनी नव्हता का काढला?"

१९८३ च्या मे महिन्यात साताऱ्याहून पुण्याला जाताना खंबाटकी घाटात आमची फियाट उकळली होती. तिचा थर्मोस्टॅट बंद अडकला होता. मेकॅनिकने तो काढला, "आपल्याकडे याचं काय काम?" म्हणून फेकून दिला, आणि ह्यांनी पुढे निम्म्या साताऱ्याला तोच सल्ला दिला!

जन्मभर इतिहास शिकवलेली बाई मी, नातीच्या कॉम्प्युटरवर शोधत बसले. आपोआप उष्णता राखणारं यंत्र सतराव्या शतकात कॉर्नेलिस ड्रेबेल नावाच्या डच माणसाने केलं, तेही अंडी उबवायला! 'थर्मोस्टॅट' हा शब्द अँड्र्यू यूर या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने १८३० मध्ये दिला. मोटारीत मात्र ही वस्तू उशिरा आली. फोर्डच्या मॉडेल टीला थर्मोस्टॅट नव्हता, हीटरही नाही. थंडीत लोक रेडिएटरवर पुठ्ठा नाहीतर घोंगडी बांधत आणि पायाशी तापवलेल्या विटा ठेवत. (नात म्हणाली, "आजी, कूल!" आता याला काय म्हणावं?)

अमेरिकेच्या हवामान खात्यात काम केलेल्या वेस्टन फुल्टनने पितळी भाता बनवला होता. आतला द्रव तापला की तो भाता फुगायचा. १९१४ च्या कॅडिलॅकमध्ये असे थर्मोस्टॅट होते. पण पुढे गाड्यांच्या पाण्यावर दाब ठेवू लागले, म्हणजे ते लवकर उकळत नाही, आणि त्या दाबाने भात्याचा हिशेब चुकू लागला. सर्जियस व्हर्नेटने १९३० च्या दशकात मेणाची युक्ती काढली होती, ती इथे उपयोगी पडली. पितळेच्या कुपीत मेण भरायचं. ते वितळताना फुगतं आणि दांडी सरकवून दार उघडतं. मेणाला दाबाचं फारसं सोयरसुतक नाही. आजही बहुतेक गाड्यांत हेच मेण असतं.

लेकाने इंजिन पूर्ण गार होऊ दिलं. थोडं कूलंट काढलं, दोन बोल्ट सोडले, चिकटलेलं जुनं गॅस्केट खरवडलं. नव्यावर १९५ असा आकडा होता, तो फॅरनहाइटचा, म्हणजे आपले साधारण ९० अंश. बसवण्याआधी त्याने तो पातेल्यात पाणी तापवून त्यात सोडला. (पातेलं माझ्या चहाचं!) पाणी उकळायच्या जरा आधी दार हळूच उघडलं. जुना मात्र गार पाण्यातही आ वासून होता.

नंतर कूलंट भरलं, झाकण उघडं ठेवून इंजिन चालवलं, बुडबुडे निघेतो थांबलो. दहा मिनिटांनी गाडीत इतकी ऊब आली की नातीने स्वेटर काढला.

"बाबांच्या फियाटला पेट्रोल का जास्त लागायचं, कळलं?" लेक म्हणाला. "थंडीत सकाळी कितीतरी वेळ चोक ओढून चालवायचे. इंजिन धड तापायचंच नाही."

खरं असेल. ह्यांना हे ऐकवायला हवं होतं. ते एवढंच म्हणाले असते, "पण नंतर घाटात कधी उकळली का?"

नाही उकळली.