वऱ्हाडचा नर्तक आणि ‘अलबेला’

बोलपटांतील नृत्याच्या जोडीचें नांव निघालें कीं फ्रेड अस्टेअर व जिंजर रॉजर्स आठवतात. १९३३ ते १९४९ या काळांत त्यांचे दहा चित्रपट निघाले. ‘टॉप हॅट’ हा १९३५ चा. त्यांत कॅमेरा नर्तकांस आपादमस्तक दाखवी. पावलांतील कसब कोठेंच झांकलें जात नसे.

आपल्याकडे १९५१ च्या ‘अलबेला’नें अशीच एक जोडी लोकप्रिय केली: भगवान आणि गीता बाली. गिरणी-कामगाराचे पुत्र भगवान आभाजी पालव १९१३ सालीं अमरावतीस जन्मले. संगीतकार सी. रामचंद्र यांनीं आपल्या नागपुरांत शंकरराव सप्रे यांजकडे गायनाचे धडे घेतलेले. येथें मात्र त्यांनीं बोंगो, सॅक्सोफोन यांस मोकळें रान दिलें.

मग हें केवळ अनुकरण म्हणावें काय? मला तसें वाटत नाहीं. अस्टेअरचें पाऊल दीर्घ अभ्यासावांचून साधणारें नव्हे. भगवान यांचें पाऊल वरातींतल्या पोरासहि उचलतां येई. नाटकवेड्या, गरीब प्यारेलालच्या त्या कथेंत चाळकऱ्यांस आपलाच मुलगा नाचतांना दिसला.

पुढें भगवान यांचें वैभव ओसरलें. २००२ सालीं दादर येथें ते निवर्तले, तेव्हां त्यांचें बिऱ्हाड चाळींतच होतें. वरातींतून त्यांचें पाऊल अजून पडतें. नाचणाऱ्यांस त्याचा धनी ठाऊक असावा, एवढीच इच्छा.