अढीतला आंबा आणि जनुकांचा इतिहास 🧵

१/ घाट चढून कोल्हापूरच्या बाजारात येणारा कच्चा हापूस गवताच्या अढीत पिकतो, हे पूर्वजांना ठाऊक होते. त्यामागचे कारण मात्र विसाव्या शतकात उलगडले.

२/ १९०१ : रशियाच्या नेल्युबोव्हने दिव्याच्या वायूतील इथिलीनचा रोपांवरील परिणाम ओळखला. १९३४ : फळे स्वतःच इथिलीन निर्माण करतात, हे इंग्लंडच्या गेनने सिद्ध केले. अढी हाच वायू कोंडून धरते.

३/ 'रिन' उत्परिवर्तनाचा टोमॅटो ना पिकतो, ना लाल होतो. २००२ मध्ये त्यामागचे जनुक सापडले. इथिलीन, मऊपणा आणि रंग घडवणाऱ्या अनेक जनुकांवर त्याचे नियंत्रण असते.

४/ बंदी असलेले कार्बाइड साल पिवळी करते. गर कच्चाच राहू शकतो. म्हणून केवळ रंगावर विसंबू नये. अढीला वेळ लागतो, कारण जनुकांना वेळ लागतो.