'डबल' म्हणजे नेमका कोणता टाका?

मागच्या हिवाळ्यात आमच्या गटाने बाळाचं झबलं विणायला घेतलं. इंग्रजी नमुन्यात 'डबल क्रोशे' लिहिलं होतं, म्हणून आम्ही खांब घातले. ओळी मोजून तेवढ्याच घातल्या, तरी झबलं चार वर्षांच्या पोरीलाही पायघोळ झालं असतं. मग तुझा हात सैल, माझा हात सैल, यावरून दोन दिवस अबोला.

चूक हातांची नव्हती. ती जुन्या मोजणीची होती.

क्रोशे हा फ्रेंच शब्द, अर्थ लहानसा आकडा. याचे छापील नमुने फार जुने नाहीत. नेदरलँड्समधल्या 'पेनेलोपे' मासिकात १८२३ साली आले, ते अगदी सुरुवातीचे. शेजारणीच्या हाताकडे बघून शिकताना टाक्याला नाव लागतच नाही. कागदावर उतरवायचं म्हटलं की लागतं. १८४०नंतर इंग्लंडमध्ये अशी पुस्तकं भराभर निघाली. शेजारच्या आयर्लंडमध्ये १८४५पासून बटाट्याचं पीक कुजून दुष्काळ पडला, तेव्हा तिथल्या बायकांनी क्रोशाची लेस विकून घरं तगवली.

त्या काळच्या इंग्रजी पुस्तकांत सगळ्यात बुटक्या टाक्याला 'सिंगल' म्हणत. आज त्याला स्लिप स्टिच म्हणतात. त्याला एक धरलं, म्हणून आपला मुका खांब झाला 'डबल' आणि साधा खांब 'ट्रेबल'. अमेरिकेत तो बुटका टाका मोजणीत धरला नाही. तिथे मुका खांब 'सिंगल' आणि खांब 'डबल'. दोन्हीकडे आजही तेच चालतं. आपल्या बायकांनी मोजलं नाही, रूप बघून 'मुका' आणि 'खांब' म्हटलं, ते आम्हाला जास्त शहाणपणाचं वाटतं.

आता नमुना हाती आला की आम्ही आधी 'सिंगल क्रोशे' शोधतो. हल्लीच्या नमुन्यात ते सापडलं तर नमुना अमेरिकी. टाका सोडायला 'स्किप' लिहिलं असेल तर बहुधा अमेरिकी, 'मिस' असेल तर इंग्लंडकडचा. सोबत चिन्हांची आकृती असली तर प्रश्नच मिटतो: अधिकची किंवा फुलीची खूण म्हणजे मुका खांब, इंग्रजी टी अक्षराच्या दांडीवर एक तिरकी रेघ म्हणजे खांब.

आमचा नमुना इंग्लंडचा निघाला. सगळं उसवलं, मुक्या खांबांनी पुन्हा विणलं. तोवर बाळ बसायला लागलं होतं, म्हणून सुरुवातीच्या साखळ्या थोड्या वाढवून घेतल्या.